ढेप

चाळीस वर्षं शाहूपुरीच्या अडतीत
मी गूळ चाखला.
टोच्यानं ढेपेची कड उकरायची,
चिमूट जिभेवर ठेवून डोळे मिटायचे, मग सांगायचं:
चुना जास्त पडलाय. मळी नीट काढली नाही.
आत काकवी राहिलीय, पावसाळ्यात पाझरेल.
ऊस कुणाच्या रानातला, हे कुणी सांगत नसे,
मीही विचारत नसे.
बाजारात भाव ढेपेला असतो.

सौदे उरकले की गोणपाटावर बसून वाद.
एकदा धर्मावरून निघालं.
जिनपाल चौगुले वही मिटत म्हणाला,
धर्म सगळे चांगलेच हो, माणसं नासकी.
नबीलाल हमाल दारात बिडी विझवत होता.
"म्हंजे शेट, ऊस ग्वाड, गुळव्या वाईट?"
"तसंच."
"आन् दरसाल गुळव्या वाईटच निघाला तर?
कवातरी ऊस बघायचा का न्हाई?"

चहा आला. विषय कारखान्याच्या दराकडे वळला.
मी मात्र त्या वाक्यापाशीच बसून राहिलो.
एवढ्या वर्षांत एक गोष्ट पाहिली होती:
आपली ढेप काळी पडली की आपण गुळव्याला शिव्या देतो,
दुसऱ्याची पडली की म्हणतो,
ऊसच तसला.

मग तो पूर.
पंचगंगा चिखलीत शिरली, आंबेवाडीत शिरली,
आणि आमच्या तालमीतली पोरं
कमरेला दोर बांधून कुणालाही ओढत होती.
कुणालाही. नाव न विचारता.
त्या रात्री मला वाटलं, मिळालं उत्तर,
ही ढेप सोन्यासारखी आहे.
तिसऱ्या दिवशी, पाणी पायरीवरच असताना,
दोर ओढणाऱ्यांतलाच एक जण
पंगतीकडे बघत हळूच म्हणाला,
त्यांची ताटं वेगळी ठेवलीत ना?
दोराचे वळ अजून तळहातावर होते त्याच्या.

आता सांगा, कुठली कड उकरायची?

माझी आई एकादशीला पाणीसुद्धा मोजून प्यायची.
दारी आलेला उपाशी गेला तर तिला झोप येत नसे.
आणि परसातल्या कोनाड्यात
कान तुटलेला एक कप उपडा असायचा,
तानूबाईचा.
तानूबाई झाडून झाली की तो स्वतःच विसळायची,
स्वतःच पुढे धरायची,
आई वरून चहा ओतायची, धार न तुटता,
एक थेंब बाहेर नाही.
मायेनं विचारायची, साखर पुरे का गं?

त्या धारेत किती धर्म होता, किती आई,
मला आजही वेगळं काढता येत नाही.
काहिलीतून एकदा ढेप उतरली
की ऊस, चुना, भेंडी, जाळ
परत कोण निवडणार?
आणि ज्या जिभेनं मी निवाडा करणार
ती तरी कुठल्या गुऱ्हाळात तयार झाली?
त्याच चुलीवर. त्याच गोडीवर.
जिनपालची जीभ त्याच्या चुलीवर, नबीलालची त्याच्या.
म्हणून काय चाखायचंच नाही?
मुंग्या लागलेली ढेप
गोड असेल म्हणून गपचूप घरी न्यायची?

गेल्या महिन्यात निवृत्तीच्या कागदांसाठी बँकेत गेलो.
खुर्चीवर तानूबाईची नात.
आडनावावरून नाही, हनुवटीवरून ओळखलं.
तिनं माझ्या सह्या तपासल्या, एक चुकलेली दाखवली,
चहा मागवला.
कागदी कप. तिला तसाच, मला तसाच, शिपायाला तसाच.
हे श्रेय कुणाचं लिहू?
कायद्याचं, तिच्या आज्जीच्या झाडूचं,
की नुसतं त्या स्वस्त कागदाचं?

"साखर पुरे का, काका?" तिनं विचारलं.

चहा गोडच होता.
जिभेखाली मात्र काहीतरी बारीक कचकचलं,
चुन्याचा खडा लागावा तसं.
चाळीस वर्षं दुसऱ्याच्या ढेपेत सापडलेला खडा
मी मोठ्यानं सांगत आलो.
त्या दिवशी गिळला.